वहीची जागा

श्रोतेहो, तुमच्या घरात कोणती वस्तू कोठे असते, ते जरा आठवून पाहा बरे. मिठाची बरणी कोठे, काडेपेटी कोठे, मिसळणाचा डबा कोठे, हे घरातली बाई अंधारातही हात घालून सांगेल. पोरांची दप्तरे खुंटीला. सातबाराचे उतारे नि सोसायटीच्या पावत्या ट्रंकेत, त्याही तळाशी. विळा वळचणीला. मोबाइलच्या चार्जरलासुद्धा आता घरोघर ठरलेली जागा झाली आहे. पण त्याच घरातल्या बाईला वाचनाची आवड असली, कधी दोन ओळी लिहाव्यात असे तिच्या मनात आले, तर तिच्या पुस्तकाची, तिच्या वहीची जागा कोठे? आज गादीखाली, उद्या पिठाच्या डब्यामागे, परवा कोठे गेली ते तिचे तिलाच ठाऊक नाही.

मला विषय दिलेला आहे आईपण, वाचन आणि लेखन यांचा. असा विषय निघाला की ‘तोल’ हा शब्द लगेच पुढे येतो. बाईने घर आणि लेखन यांचा तोल सांभाळावा, असे सगळेच सांगतात. मला हा शब्द काही पटलेला नाही. तराजूची दोन्ही पारडी सारखी राहिली आहेत असा एकही दिवस माझ्या संसारात उजाडला नाही. कधी मूल तापाने फणफणलेले, तेव्हा वही महिना महिना उघडली नाही. कधी डोक्यात गोष्ट घोळत असे, तेव्हा भाकरी करपली. तेव्हा तोलाची गोष्ट राहू द्या. मी जागेविषयी बोलते.

मी एका खेड्यातल्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. आता निवृत्त झाले आहे. १९८६ सालची गोष्ट. मला दोन मुले, मुलगी सात वर्षांची आणि मुलगा चार वर्षांचा. शाळा, घर, म्हशीची धार, आल्यागेल्याचा चहा, हे सगळे उरकून रात्री जो वेळ उरे त्यात मी पहिलीच मोठी गोष्ट लिहीत होते. एका दिवाळी अंकाला पाठवायची होती. चांगली तीसेक पाने झाली होती. वही कोठे ठेवत होते? जिथे हात रिकामा झाला तिथे. त्या दिवशी ती पलंगावर राहिली.

श्रावण होता. सकाळपासून पाऊस. अंगणात पाणी साचलेले. मी शाळेतून आले तो अंगणभर होड्या! आणि प्रत्येक होडीवर माझे अक्षर. मुलीने पाने फाडून होड्या केल्या होत्या आणि धाकटा त्या पाण्यात सोडत होता. होडी करायला मुलीला शिकवले होते कुणी? मीच, आदल्याच आठवड्यात, वर्गात. मी काही बोलले नाही. पुढे होऊन मुलीच्या गालावर मारले. ती रडलीसुद्धा नाही, नुसती बघत राहिली. आज ती स्वतः दोन मुलांची आई आहे. तिला तो प्रसंग आठवत नाही म्हणते. मला आठवतो.

माझ्या सासूबाई ओसरीवर बसल्या होत्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणत असू. अक्षरशत्रू बाई. अंगठा उठवणाऱ्या. त्या उठल्या, पदर खोचला, पाण्यातल्या होड्या एकेक करून उचलल्या, उलगडल्या, आणि चुलीच्या उबेला पाटावर वाळत घातल्या. शाई पसरलेली होती, तरी निम्मीअधिक पाने वाचता आली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला फडताळापाशी बोलावले. वरच्या कप्प्यात त्यांचा पानसुपारीचा डबा असे. तो काढून त्यांनी खाली ठेवला होता आणि कप्पा पुसून घेतला होता. म्हणाल्या, “वही हिथं ठिवायची. पोरांचा हात पोचत न्हाई.” आणि मग हळूच, “पोरीला मारलंस ते काय बरं केलं न्हाईस. जागा तू ठिवली न्हवतीस.”

श्रोतेहो, लेखनाविषयी पुढे मी पुष्कळ पुस्तके वाचली, व्याख्याने ऐकली. पण लिहिणाऱ्या बाईला पहिल्याने काय लागते, ते मला एका न शिकलेल्या बाईने फडताळ पुसून दाखवले.

आता ही काही माझ्या एकटीच्या घरची कथा नव्हे. दोनशेहून अधिक वर्षांमागे बंगालात, पाबना जिल्ह्यातल्या पोताजिया गावात रासुंदरी नावाची मुलगी जन्मली. तो मुलूख आता बांगलादेशात आहे. बाराव्या वर्षी लग्न. मोठे घर, देवाचे नैवेद्य, पाहुणे, नोकरचाकर, आणि पुढे बारा बाळंतपणे. त्या काळी बाईने अक्षर शिकले तर ती विधवा होते अशी समजूत. या बाईच्या मनाने घेतले की आपण ‘चैतन्य भागवत’ वाचायचे. नवऱ्याची पोथी बाहेर काढलेली होती, तिचे एक पान तिने चोरले. चोरलेच म्हणायचे. मुलगा धुळाक्षरे गिरवी त्या ताडपत्राचे एक पानही उचलले. दोन्ही पाने लपवली ती स्वयंपाकघरात. का? तर पुरुषमाणूस तिकडे फिरकत नसे! चुलीपाशी बसून ती एका पानावरचे अक्षर दुसऱ्याशी ताडून पाही. लहानपणी घराच्या आवारात मुलांची शाळा भरे, तिथे कानावर पडलेली अक्षरे आठवून आठवून जुळवी. असे करता करता ती वाचायला शिकली. लिहायला येण्याला मात्र आणखी पुष्कळ वर्षे जावी लागली. आणि मग तिने ‘आमार जीबन’ लिहिले. बंगालीतले पहिले आत्मचरित्र म्हणून त्याचे नाव घेतात.

त्या पानाची जागा पाहा: चूल. ज्या ठिकाणी बाईला अडकवून ठेवले, तिथेच तिने शाळा काढली. यात धैर्य आहे, हे खरेच. पण मला या गोष्टीचे कौतुक करताना नेहमी थोडे अवघडल्यासारखे होते. आपण टाळ्या वाजवतो आणि विचारत नाही की पान लपवावे का लागले.

इतक्या जुन्या काळात कशाला जा? आपल्या फलटणच्या बेबीताई कांबळे. १९२९ साली जन्मलेल्या, २०१२ साली गेल्या. डॉक्टर आंबेडकरांच्या चळवळीत वाढलेल्या. पोटापाण्यासाठी त्यांचे छोटे दुकान होते. दुकानात पुड्या बांधायला रद्दीचे कागद येत. बेबीताई ते कागद वाचीत. अर्धी बातमी, तुटलेली गोष्ट, जे हाती येईल ते. गिऱ्हाईक नसले की वाचायचे, आणि पुढे तिथेच बसून लिहायचेही. लिहिले ते घरच्यांना कळू नये म्हणून जवळजवळ वीस वर्षे लपवून ठेवले, कोणाचा हात सहसा जाणार नाही अशा जागी. ते लेखन ‘स्त्री’ मासिकातून १९८२ साली क्रमशः आले आणि १९८६ साली पुस्तक झाले. तेच ‘जिणं आमुचं’. त्यात महारवाड्यातल्या बायांचे जिणे असे मांडले आहे की वाचताना आपण खाली मान घालतो. वीस वर्षांत ती पाने कधी उंदराने खाल्ली असती, कुणी रद्दीत घातली असती, तर? आपल्याला कळलेसुद्धा नसते की असे काही होते.

इथे कोणी म्हणेल, “बाई, जिच्यात खरी हिंमत असते ती लिहितेच. चांगले लेखन कधी दडून राहत नाही.” हे मी पुष्कळ शहाण्या माणसांच्या तोंडून ऐकले आहे. मला ते साफ चुकीचे वाटते. दडून राहिले ते आपल्याला दिसत नाही, म्हणून आपण असे म्हणतो. एवढेच.

खानदेशातल्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींचेच बघा. जन्म १८८०. लिहिता-वाचता येत नव्हते. तरुणपणीच वैधव्य आले. पदरात मुले, शेताची कामे, घरचे दळणकांडण. गाणी तोंडाला येत ती जात्यावर आणि शेतात. ती टिपून घेतली त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि एका नात्यातल्या माणसाने. सोपानदेव स्वतः कवी, म्हणून त्यांच्या कानाला कळले की हे काहीतरी निराळे आहे. बहिणाबाई १९५१च्या डिसेंबरात गेल्या आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ निघाली. आज शाळेतले प्रत्येक पोर ते नाव जाणते. पण जी टिपली गेली तीच गाणी आपल्याला मिळाली. न टिपलेली त्यांच्याबरोबर गेली. आणि ज्या बाईच्या पोटी कवी जन्मला नाही, तिची? शेजारच्या शेतात निंदणाऱ्या बाईची?

लक्ष्मीबाई टिळकांचे नशीब त्या मानाने बरे. १८६८ सालचा जन्म. शाळेचे तोंड पाहिलेले नाही. लहानपणी लग्न झाले ते कवी नारायण वामन टिळकांशी. कवीची बायको होणे ही काही सुखाची नोकरी नव्हे! हे गृहस्थ केव्हा घर सोडून जातील, कोणाला घरी घेऊन येतील, याचा नेम नसे. स्वतःची मुले, त्यात सांभाळायला आणलेली मुले, धर्मांतराच्या वेळची ताटातूट, प्लेगचे दिवस. या सगळ्यांतून तरून आलेल्या बाईने ‘स्मृतिचित्रे’ लिहिली आणि त्यांचा पहिला भाग निघाला १९३४ साली. म्हणजे साठी उलटून सहा वर्षे झाल्यावर! मागे लागणारा मुलगाच होता, देवदत्त. मराठीत इतके मोकळे, इतके हसते गद्य फार थोड्यांनी लिहिले आहे. जी बाई वयाच्या चाळिशीत “आता काय उपयोग” म्हणून वही मिटते, तिने हे साल लक्षात ठेवावे.

शिक्षक-शिक्षिका ऐकत असतील, त्यांच्यासाठी आमच्याच धंद्यातले एक नाव घेते. कवयित्री इंदिरा संत. बेळगावला शिक्षक घडवणाऱ्या विद्यालयात त्या शिकवीत. १९४६ साली पती ना. मा. संत वारले, तेव्हा त्या अवघ्या बत्तीस वर्षांच्या आणि तीन मुले लहान. नोकरी हवीच होती. ‘शेला’ हा संग्रह आला १९५१ साली. मध्ये पाच वर्षे. त्या पाच वर्षांतल्या रात्री कशा गेल्या असतील, याचा हिशेब आपण मांडू शकत नाही. ज्यांनी पेपर तपासता तपासता मांडीवर मूल झोपवले आहे, त्यांना थोडी कल्पना येईल. आई लिहीत बसली म्हणजे मुले वाऱ्यावर जातात असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच सांगते की त्यांचा एक मुलगा पुढे ‘लंपन’च्या गोष्टी लिहिणारा प्रकाश संत झाला. सगळ्यांची मुले लेखक होतील असे नाही. माझी झाली नाहीत. मुलगा ट्रॅक्टर दुरुस्त करतो, आणि उत्तम करतो.

आता वाचनाकडे येते, कारण लिहिण्याच्या आधी ते आहे. गुरुजनहो, आपण मुलांना पुस्तक घरी नेऊ देतो का? खरे बोला. हरवेल, फाटेल, भरपाई कोण देणार, म्हणून पुष्कळ शाळांत पुस्तके कपाटात कुलूपबंद असतात. मीही कित्येक वर्षे तसेच केले. मग एकदा धीर केला. शनिवारी चौथीच्या मुलांना एकेक पुस्तक दिले आणि सांगितले, “हे तुझ्यासाठी नाही. आईला दे. सोमवारी तिला काय आवडले ते विचारून ये.”

सोमवारी गंमत झाली. काहींच्या आयांनी पुस्तक उघडलेच नव्हते. एकीने निरोप धाडला, “अक्षर बारीक हाय, मोठ्या अक्षराचं द्या.” एका आईला वाचता येत नव्हते, तर मुलानेच तिला वाचून दाखवले, ती भाकऱ्या थापत ऐकत होती. तो मुलगा वर्गात वाचताना अडखळे. आईपुढे महिनाभर वाचून त्याची जीभ सैल झाली, ते मला आपोआप मिळालेले बक्षीस. एका मुलाचे वडील मात्र पुस्तक घेऊन शाळेतच आले. म्हणाले, “बाई, हे परत घ्या. वाचाया वेळ मिळाय लागला तर घरातलं काम कोण करंल?” मी त्यांच्याशी वाद घातला नाही. दुसऱ्या शनिवारी शेतीचे पुस्तक त्यांच्यासाठी दिले आणि त्याच्या आत गोष्टींचे बारीकसे पुस्तक ठेवून दिले. लबाडी झाली खरी! पण दोन्ही पुस्तके वेळेवर परत आली, आणि गोष्टींच्या पुस्तकाला हळदीची बोटे लागलेली होती.

वर्षाअखेर पुस्तके हरवली तीन. तीनच. त्यांचे पैसे मी भरले. चहापेक्षा स्वस्त पडले.

आपल्या राज्यात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. पुष्कळ गावांतून सरकारमान्य वाचनालये आहेत. अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे त्यांना अनुदान मिळते. तुमच्या गावात असेल तर एकदा जाऊन पाहा, तिथे दुपारी बाया येऊन बसतात का. बहुधा वर्तमानपत्राभोवती पुरुषमंडळी असतात आणि बाई दारातूनच परत फिरते. ग्रंथपालांनी मनात आणले तर आठवड्यातली एक दुपार नुसती बायांसाठी ठेवता येईल. बरोबर पोर आले तरी चालेल, रडले तरी चालेल, एवढे सांगावे लागेल. शांतता पाळा ही पाटी त्या दुपारी उलटी करून ठेवावी.

आणि घरातल्या पुरुषमंडळींना एक विनंती. बायको वाचत बसली असेल तेव्हा “काही काम नाही वाटतं?” असे विचारू नका. पाणी स्वतः घ्या. माठ कोठे आहे ते तुम्हांला ठाऊक आहे.

आता एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ती माझ्या चुकीची आहे.

आत्याबाईंनी कप्पा दिल्यावर माझी वही त्यात राहू लागली. रात्री मुले झोपली की त्या विचारीत, “आज काय लिवलंस? वाच.” मी वाची. त्या सुपारी कातरीत ऐकत. मध्येच म्हणत, “ह्यो माणूस आसं बोलायचा न्हाई,” आणि मी दुसऱ्या दिवशी ते वाक्य बदली. माझी पहिली संपादक म्हणा ना. गावात पिठाची गिरणी केव्हाच आली होती, पण डाळ भरडायला जाते घरात होते, आणि लग्नघरी हळद दळायला आत्याबाईंना हटकून बोलावणे येई. जात्यावर बसल्या की त्यांच्या तोंडून ओव्या येत. भावाच्या, लेकीच्या, पंढरीच्या, सासुरवासाच्या. एकीला दुसरी जोडत तास तास. आणि मी काय करीत होते? शेजारच्या खोलीत बसून माझी गोष्ट लिहीत होते! जात्याच्या घरघरीने लक्ष लागत नाही म्हणून दार लोटून घेत होते. माझे ते साहित्य आणि त्यांच्या त्या नुसत्या ओव्या, असे मला वाटे. शिकलेली होते ना मी.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी महाराष्ट्रातल्या गावोगाव हिंडून, बायांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, हे मी फार उशिरा वाचले. एक लाख! ज्यांना सही येत नाही अशा बायांच्या. ते वाचले त्या दिवशी मी फडताळापुढे बराच वेळ उभी राहिले. आत्याबाईंना जाऊन तेव्हा कैक वर्षे झाली होती. त्या १९९९ साली गेल्या.

आता सोय फार झाली आहे. घराघरात मोबाइल आहे, त्यात आवाज धरून ठेवता येतो. तुमच्या घरी, शेजारी, वाड्यावर अजून एखादी म्हातारी असेल जिला ओव्या, कहाण्या, उखाणे, पाळणे येतात. नातवाला सांगा, दहा मिनिटे तिच्यापुढे मोबाइल धर. ती लाजेल. “मला काय येतंय” म्हणेल. तिला दोनदा विचारावे लागेल. पहिल्या दिवशी काही निघणार नाही. दळण नसले तर सूप हातात द्या, निवडता निवडता आठवते. मग वर्गात मुलांनी ते ऐकून वहीत उतरवावे. शुद्धलेखनाची काळजी करू नये. म्हातारीचा उच्चार जसा आहे तसाच लिहावा. ‘लिवलं’चे ‘लिहिले’ करू नये, एवढे गुरुजींनी पाहावे.

माझ्यापाशी आत्याबाईंच्या सहा ओव्या आहेत. त्यांच्या शेवटच्या दुखण्यात, उशापाशी बसून लिहून घेतलेल्या. पाच पुऱ्या आहेत. सहावी त्या सांगत होत्या, लेकीला माहेराहून वाटे लावण्याची, तेवढ्यात दारात दूधवाला आला आणि मी उठून गेले. परत आले तोवर त्यांना झोप लागली होती. पुन्हा विचारू म्हटले, ते राहून गेले. पहिली ओळ वहीत आहे, खाली एक ओळ कोरी सोडलेली.

गेल्या वर्षी मी ती पहिली ओळ गावातल्या तीन म्हाताऱ्यांना म्हणून दाखवली. दोघींना आठवली नाही. तिसरी म्हणाली, “ही आमच्या माहेरी येगळी म्हणायची,” आणि तिने तिची दुसरी ओळ सांगितली. ती आत्याबाईंची नसणार. तरी मी लिहून घेतली आहे, कोऱ्या ओळीच्या खाली, त्या म्हातारीचे नाव आणि तिच्या माहेरच्या गावाचे नाव घालून. वही फडताळात वरच्या कप्प्यातच असते.